'किर्लोस्कर खबर' ते ई-वार्तापत्र : लहान उद्योगाच्या ग्राहकपत्राचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

उद्योजकाने आपल्या ग्राहकांना ठरावीक काळाने पाठविलेले माहितीपर पत्र म्हणजे वार्तापत्र होय. आज ते प्रामुख्याने ई-मेलद्वारे जात असल्यामुळे ते संगणकयुगाचे अपत्य आहे, असा समज रूढ झाला आहे. प्रस्तुत निबंधात हा समज तपासून पाहिला आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेले 'किर्लोस्कर खबर' आणि १९७८ साली अमेरिकेत पाठविले गेलेले पहिले घाऊक व्यापारी ई-पत्र या दोन घटना समोरासमोर ठेवून, पत्र पाठविण्याचा खर्च आणि वाचकाविषयीचा विचार यांचा परस्परसंबंध शोधण्याचा प्रयत्न येथे केला आहे. टपालाच्या काळात खर्च हाच लेखकाला संयम शिकवीत होता. ई-मेलमुळे तो खर्च नाहीसा झाला व त्याबरोबर संयमही गेला. पुढे कायद्याने आणि तांत्रिक नियमांनी तोच संयम वाचकाच्या संमतीच्या रूपाने परत आणला, अशी या निबंधाची मांडणी आहे.

बीजसंज्ञा : वार्तापत्र, ग्राहकपत्र, ई-मेल, संमती, लघुउद्योग, किर्लोस्कर खबर

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकाने सकाळी आपली ई-मेल पेटी उघडली, तर विद्यार्थ्यांच्या व विद्यापीठाच्या पत्रांआधी त्याच्या नजरेस पडतात ती शोधनिबंध मागविणारी निमंत्रणे. 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात, आपल्या विद्वत्तेची स्तुती, आठ दिवसांत प्रकाशनाची हमी आणि शेवटी शुल्काचा आकडा, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. इतिहासाच्या अध्यापकास अभियांत्रिकीच्या नियतकालिकाचे निमंत्रण येते, तेव्हा पाठविणाऱ्याने आपले नावदेखील वाचलेले नाही, हे स्पष्ट होते. असे पत्र न उघडताच काढून टाकले जाते. त्याच पेटीत एखाद्या लहान पुस्तकविक्रेत्याचे, बियाणे तयार करणाऱ्याचे किंवा हातमागाचे कापड विकणाऱ्याचे पत्र असते आणि ते मात्र आपण थांबून वाचतो. दोन्ही पत्रांचा हेतू विक्री हाच आहे. मग हा फरक कशामुळे पडतो?

वाणिज्य शाखेत या प्रश्नाचे उत्तर विपणनाच्या तंत्रात शोधले जाते. प्रस्तुत लेखकास हा प्रश्न इतिहासाचाही वाटतो. ग्राहकाला नियमित पत्र लिहिण्याची प्रथा ई-मेलपेक्षा बरीच जुनी आहे आणि महाराष्ट्रात तर तिचे एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. वर्गातील अनेक विद्यार्थी घरचा छोटा व्यवसाय सांभाळत शिकतात. पदवीनंतर त्यांतील काहीजण तोच व्यवसाय पुढे नेतात. त्यांना 'ग्राहकांशी संपर्क ठेवा' एवढा उपदेश आपण करतो; परंतु लिहायचे काय आणि कसे, याचे मार्गदर्शन अभ्यासक्रमात अभावानेच आढळते. ही उणीव लक्षात घेऊन सदर निबंधाची आखणी केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. ई-मेलपूर्व काळातील ग्राहकपत्राची परंपरा 'किर्लोस्कर खबर'च्या आधारे समजून घेणे.
२. व्यापारी ई-मेलच्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
३. या इतिहासातून आजच्या लहान उद्योजकास उपयुक्त ठरणारी लेखनसूत्रे मांडणे.

गृहीतक

वार्तापत्र वाचले जाते की नाही हे त्याच्या माध्यमावर ठरत नाही. ते पत्र विक्रेत्याच्या गरजेतून लिहिले आहे की वाचकाच्या, यावर ते ठरते.

व्याप्ती व मर्यादा

महाराष्ट्रातील लहान व्यापारी आज ई-मेलपेक्षा व्हॉट्सॲपचा वापर अधिक करतात, ही गोष्ट मान्यच आहे. तथापि दूरचा, नोकरदार किंवा परदेशस्थ ग्राहक असलेल्या व्यवसायास ई-मेल आजही सोयीचे आहे. शिवाय पत्त्यांची यादी उद्योजकाच्या स्वतःच्या ताब्यात राहते, हा त्याचा मोठा लाभ होय. समाजमाध्यमावरील अनुयायी त्या कंपनीच्या नियमांवर अवलंबून असतात. यादी मात्र उद्योजक एका सेवेतून दुसऱ्या सेवेत नेऊ शकतो. प्रस्तुत विवेचन ई-मेलपुरते मर्यादित असले, तरी त्यातील बरेचसे मुद्दे इतर माध्यमांनाही लागू पडतील.

१. टपाल, पाव आणा आणि दूरचा ग्राहक

गावातील दुकानदाराला पत्र लिहिण्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक समोर उभे असे, त्याच्या घरची माहिती दुकानदारास असे आणि उधारीची वहीच दोघांमधील विश्वासाची साक्ष असे. ग्राहक नजरेआड गेल्यावर प्रश्न निर्माण झाला. हे अंतर मिटविण्याचे काम भारतात टपालखात्याने केले. १८७७ साली मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही.पी.ची सोय झाली. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून टपालखात्यामार्फत मनिऑर्डर पाठविता येऊ लागली. वस्तू पाहण्याआधी मागणी करावयाची आणि वस्तू हाती आल्यावर पैसे मोजावयाचे, हा व्यवहार त्यामुळे शक्य झाला. पुस्तके, औषधे, बियाणे व अवजारे यांचा व्यापार तालुक्याच्या सीमा ओलांडू शकला, त्यामागे ही व्यवस्था होती.

याच सुमारास पाश्चात्त्य उद्योगही केवळ किंमतपत्रकावर समाधानी राहिले नव्हते. अमेरिकेतील नांगर बनविणाऱ्या जॉन डियर यांच्या कंपनीने १८९५ साली 'द फरो' हे शेतीविषयक नियतकालिक सुरू केले. 'फरो' म्हणजे नांगराचे तास. या नियतकालिकात शेतकऱ्यास शेतीची माहिती मिळे आणि तिच्या सोबतीने कंपनीचे नावही घरोघर पोहोचे. फ्रान्समधील मिशेलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीने १९०० साली वाहनचालकांसाठी प्रवासमार्गदर्शिका काढली. टायर झिजावयाचे तर लोकांनी प्रवास केला पाहिजे, हा त्यामागील साधा हिशेब होता.

या सर्व प्रयत्नांत एक समान गोष्ट दिसते. प्रत्येक प्रतीला कागद, छपाई आणि टपालहशील यांचा खर्च येत असे. शंभर माणसांना निरर्थक मजकूर पाठविणे म्हणजे शंभर वेळा नुकसान सोसणे होय. त्यामुळे कोणाला पाठवावे, किती वेळा पाठवावे आणि त्यात काय असावे, याचा विचार करणे लेखकास भाग पडे. ही शिस्त पाव आण्याच्या हिशेबातून आलेली होती. सद्गुणाचा भाग त्यात असलाच तर तो नंतरचा.

२. नांगराची भीती आणि 'खबर'

किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मोठ्या भांडवलातून झालेली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. रंगांधत्वामुळे त्यांना तो मार्ग सोडावा लागला. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अध्यापन केले आणि बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकलचे दुकान चालविले. तेथूनच ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळरानावर त्यांनी कारखाना व वसाहत उभारली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय.

नांगर तयार करणे हे काम अवघड होते. तो विकणे त्याहून अवघड ठरले. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. शेतकऱ्याला नांगराची किंमत अथवा वजन ठाऊक नव्हते, हा खरा अडसर नव्हता. त्याची शंका जमिनीविषयी होती आणि जमीन हेच त्याचे सर्वस्व होते. अशा माणसापुढे 'उत्तम नांगर, वाजवी दर' हे शब्द निरुपयोगी ठरतात. त्याच्या भीतीला आधी उत्तर मिळाले पाहिजे. ते उत्तर शिवारात नांगर चालवून देता येते आणि जेथे विक्रेता स्वतः पोहोचू शकत नाही, तेथे ते छापील शब्दांनी द्यावे लागते.

१९२० साली 'किर्लोस्कर बंधू' ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदविली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत होते. कारखान्यातील मालाची व घडामोडींची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचावी, हा त्या पत्राचा आरंभीचा हेतू होता. 'खबर' या नावातच तो स्पष्ट होतो. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ते एका उत्पादकाचे वार्तापत्र होते.

'खबर'चे पुढे काय झाले, हा त्याच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे. कारखान्याच्या बातम्यांपलीकडे जाऊन त्यात स्वावलंबन, उद्योगशीलता, कर्तबगार व्यक्तींची चरित्रे, विज्ञानदृष्टी आणि समाजसुधारणा या विषयांना स्थान मिळत गेले. कालांतराने 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' या नावाने ते मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ विचारांचे निबंध १९३०च्या दशकात याच मासिकातून प्रसिद्ध झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भगिनी-मासिके निघाली. म्हणजे वाचकवर्ग वाढल्यावर सर्वांना एकच मजकूर देण्याऐवजी त्यांच्या भिन्न गरजा ओळखून भिन्न पत्रे काढली गेली. ई-मेलच्या व्यवसायात आज ज्याला यादीची विभागणी म्हणतात, तिचा हा पूर्वावतार मानण्यास हरकत नसावी.

'खबर'मुळे किती नांगर खपले, हा येथे प्रश्न नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की विक्रेत्याच्या गरजेतून जन्मलेले पत्र क्रमाक्रमाने वाचकाचे झाले. तसे झाल्यावरही मुखपृष्ठावर कारखान्याचेच आडनाव राहिले. नांगराच्या, पंपाच्या किंवा चरकाच्या जाहिरातीने जे साधले नसते, ते या मासिकाने साधले : शेतीशी संबंध नसलेल्या मध्यमवर्गीय घरातही ते आडनाव ओळखीचे झाले.

एक आक्षेप येथे संभवतो. मासिक जितके वाचकाचे झाले तितके ते मूळ व्यवसायापासून दुरावले. मग लहान उद्योजकाने हा आदर्श का ठेवावा? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक दुकानदाराने मासिकाचा संपादक होणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. 'खबर'चा शेवट अनुकरणासाठी नाही. त्याची दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे.

३. १९७८ : फुकट झालेला शब्द

टपालाच्या जगातून ई-मेलच्या जगात येताना प्रथम अमेरिकेकडे वळावे लागते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी आर्पानेट या जाळ्यावरील एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला आणि पत्त्यामध्ये आज सर्वपरिचित झालेले '@' हे चिन्ह वापरले. हे जाळे संशोधन व शासकीय कामासाठी होते. व्यापारास तेथे स्थान नव्हते.

मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विपणन विभागातील गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे चारशे जणांना एकाच वेळी पाठविले. पत्ते इतके होते की ते पत्त्याच्या जागेत मावले नाहीत व मूळ मजकुरात उतरले. वाचणाऱ्याच्या पडद्यावर आधी अनोळखी पत्त्यांची रांग आणि मग जाहिरात, असे त्याचे स्वरूप झाले. तीव्र तक्रारी आल्या आणि जाळ्याच्या व्यवस्थापकांनी हा नियमभंग असल्याचे बजावले. तरीही या पत्रामुळे आपल्या कंपनीची मोठी विक्री झाली, असे थर्क यांनी पुढे सांगितले.

या प्रसंगाचे दोन्ही पैलू ध्यानात घेतले पाहिजेत. पत्राने लोक संतापले आणि पत्राने विक्रीही झाली. पुढील चार दशकांचा सगळा झगडा या विसंगतीत सामावलेला आहे. चारशेव्या पत्राचा खर्च शून्य असेल, तर एका गिऱ्हाइकासाठी तीनशे नव्व्याण्णव जणांना त्रास देणे पाठविणाऱ्याला परवडते. त्रासाची किंमत वाचक मोजतो आणि नफा विक्रेत्याला मिळतो. पाव आण्याने जी शिस्त लावली होती, ती अशा रीतीने एका फटक्यात नाहीशी झाली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९६च्या जुलैमध्ये सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही मोफत सेवा सुरू केली. प्रत्येक पत्राच्या तळाशी त्या सेवेची माहिती देणारी एक ओळ आपोआप जोडली जात असे. मित्राने मित्राला लिहिलेले खासगी पत्रच अशा प्रकारे जाहिरातीचे वाहन बनले. ती ओळ लोकांनी सहन केली, कारण ती परिचिताच्या पत्रासोबत येत होती. विश्वास हा उसना घेता येतो, हे व्यापाराला येथे उमगले. तो उधळता येतो, हेही लवकरच सिद्ध झाले.

४. संमतीचा इतिहास

अनाहूत पत्रांचा पूर वाढल्यावर तीन दिशांनी बांध घालण्यात आले. पहिला विचाराचा होता. सेथ गोडिन यांचे संमतीवर आधारित विपणनाची कल्पना मांडणारे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि ग्राहकाची परवानगी हेच विक्रेत्याचे भांडवल, हा विचार व्यवसायजगतात रुजू लागला.

दुसरा बांध कायद्याचा. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशाने व्यक्तींना व्यापारी ई-मेल पाठविण्यासाठी सामान्यतः पूर्वसंमती आवश्यक ठरविली. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने पूर्वसंमतीची अट घातली नाही. मात्र फसवी विषयओळ निषिद्ध ठरविली, पाठविणाऱ्याचा टपालपत्ता देणे बंधनकारक केले आणि नको म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या दहा दिवसांत वगळण्याची सक्ती केली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६-अमध्ये त्रासदायक ई-मेलचाही उल्लेख होता. परंतु अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करणारे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते कलम रद्दबातल ठरविले. त्यानंतर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीचे तत्त्व स्पष्टपणे स्वीकारले. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असा त्याचा आग्रह आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

तिसरा बांध तंत्राचा असून व्यवहारात तोच सर्वांत प्रभावी ठरला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर अटी घातल्या. पाठविणाऱ्याच्या ओळखीची तांत्रिक पडताळणी आणि एका टिचकीत नाव वगळण्याची सोय त्यांनी आवश्यक केली. जीमेलच्या बाबतीत ही घाऊक पाठवणी म्हणजे दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू देऊ नये, असेही सांगितले. म्हणजे हजारांतील तीन वाचकांनी 'हे पत्र नको' असे कळविले, तरी उरलेल्यांपर्यंत पत्र पोहोचणे अवघड होते. नाहीशा झालेल्या पाव आण्याची जागा आता वाचकाच्या तक्रारीने घेतली आहे.

५. देवनागरीची अडचण

मराठी उद्योजकाच्या वाट्याला आणखी एक अडसर आला. दोन हजारच्या दशकात मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकित होत असे. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फाँट नसेल, तर पत्रात अर्थहीन चिन्हांची रांग उमटे. परिणामी व्यापारी पत्रे इंग्रजीत किंवा रोमन लिपीतील मराठीत लिहिण्याची सवय लागली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते. परंतु संगणक आणि भ्रमणध्वनी यांत त्याचा सर्रास वापर होण्यास बराच काळ गेला. आज ही तांत्रिक अडचण उरलेली नाही. सवय मात्र उरली आहे. मराठी घरात मराठी वस्तू विकणारा उद्योजक ओढूनताणून इंग्रजीत लिहितो, तेव्हा तो आपले सर्वांत जवळचे साधन बाजूला ठेवतो.

६. आजच्या उद्योजकासाठी लेखनविचार

वरील इतिहासातून कोणती सूत्रे हाती लागतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, कोकणातील एक बागाईतदार पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना थेट हापूस आंबा पाठवितो. त्याच्याकडे मागील वर्षांच्या दोनशे ग्राहकांचे ई-मेल पत्ते आहेत आणि पत्र पाठविण्यास त्यांनी संमती दिलेली आहे.

विषयओळ : 'अस्सल हापूस – आजच मागवा' ही ओळ कोणीही लिहू शकतो. 'यंदा मोहोर उशिरा. पहिली पेटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात' ही ओळ फक्त तोच लिहू शकतो. पहिलीत विनंती आहे, दुसरीत बातमी आहे. 'खबर' या शब्दाचा अर्थ येथे शब्दशः लागू पडतो. विषयओळीत जे सांगितले तेच आत असावे, हे निराळे सांगावयास नको.

मजकूर : एका पत्रात एकच गोष्ट सांगावी. फळ चौदा आणे तयार झाले की काढतात म्हणजे काय, देठासह का काढतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला नूतन झेला त्यासाठी कसा वापरतात, पेटी घरी आल्यावर गवताची अढी कशी घालावी, यांपैकी प्रत्येक विषय एका पत्रास पुरेसा आहे. बागाईतदाराला या गोष्टी इतक्या परिचित असतात की त्या लिहिण्यासारख्या आहेत, असे त्याला वाटतच नाही. शहरातील वाचकास मात्र त्याच हव्या असतात. कार्बाईडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, एवढे ग्राहकाने ऐकलेले असते. आपले फळ कसे पिकते, हे त्याला उत्पादकाकडूनच कळावयास हवे.

दोषाची कबुली : हापूसमध्ये 'साका' नावाचा दोष आढळतो. गर पांढरट व स्पंजासारखा होतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते आणि कापल्याशिवाय दोष कळत नाही. याविषयी लिहावे की न लिहावे? बहुतेक विक्रेते गप्प राहतात. ग्राहकाला मात्र तसे फळ मिळाले की आपली फसवणूक झाली असेच वाटते आणि पुढील वर्षी तो मागणी नोंदवीत नाही. हंगामाच्या आरंभीच 'साका म्हणजे काय, तो बाहेरून आम्हालाही का दिसत नाही आणि तसे फळ निघाल्यास आम्ही काय करू' असे सरळ पत्र गेले, तर त्याच दोषाकडे ग्राहक वेगळ्या नजरेने पाहतो. एका शतकापूर्वी शेतकऱ्याच्या मनात लोखंडी नांगराविषयी जी शंका होती, तिच्या जातीचीच ही शंका आहे. ती दडपून विक्री होत नाही. तिला नाव देऊनच पुढे जावे लागते. दिलेला शब्द पाळण्याची तयारी नसेल, तर मात्र असे पत्र न लिहिणेच बरे.

नियमितता : केवळ हंगामात आठवण काढणारा विक्रेता लग्नसराईपुरता नातेवाईक ठरतो. पावसाळ्यातील बागेची मशागत, हिवाळ्यातील मोहोर व त्यावरील तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, अशा निमित्ताने वर्षभरात सहा-सात पत्रे पुरेशी होतात. दररोज लिहिणे हा संपर्क नव्हे. तो तगादा होय.

संमती व निरोप : पत्ता कोठून मिळाला, हे पत्रात सांगता आले पाहिजे. दुसऱ्याकडून विकत घेतलेली यादी वापरणे म्हणजे १९७८ची चूक पुन्हा करणे होय. पत्र नको असल्यास नाव कसे वगळावे, हे लपवून न ठेवता सांगावे. जो वाचक जाऊ इच्छितो त्याला सन्मानाने जाऊ द्यावे. त्याला अडविल्यास तो तक्रार करतो आणि त्या तक्रारीचे मोल उरलेल्या सर्व पत्रांना चुकवावे लागते.

मोजमाप : किती जणांनी पत्र उघडले, हा आकडा पूर्वी महत्त्वाचा मानला जाई. पत्रात दडविलेल्या सूक्ष्म चित्रावरून तो मोजला जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल सेवेत ही चित्रे वाचकाने पत्र न उघडताही उतरवून घेण्याची व्यवस्था केली, तेव्हापासून तो आकडा बेभरवशाचा झाला आहे. लहान उद्योजकाने त्यामागे लागू नये. किती जणांनी उत्तर लिहिले, काय विचारले आणि किती जणांनी पुन्हा मागणी केली, हेच त्याचे खरे मोजमाप. दोनशे ग्राहकांपैकी दहा जणांनी अढीविषयी प्रश्न विचारला, तर पुढील पत्राचा विषय आपोआप ठरला असे समजावे.

निष्कर्ष

१. ग्राहकास नियमित पत्र लिहिण्याची परंपरा ई-मेलपूर्व असून १९२०चे 'किर्लोस्कर खबर' हे तिचे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण आहे.
२. टपालाच्या काळातील खर्चाने लेखकावर घातलेले बंधन ई-मेलमुळे नाहीसे झाले; अनाहूत पत्रांचा उपद्रव हा त्याचा थेट परिणाम होय.
३. गेल्या पंचवीस वर्षांतील कायदे व तांत्रिक नियम यांनी तेच बंधन संमतीच्या रूपाने पुन्हा प्रस्थापित केले आहे.
४. वाचकाची शंका ओळखून तिला प्रामाणिक उत्तर देणारे पत्र माध्यम बदलले तरी वाचले जाते. गृहीतकाशी ही ऐतिहासिक उदाहरणे सुसंगत आहेत.
५. वाणिज्य व भाषा या विभागांनी एकत्रितपणे ग्राहकपत्रलेखनाचा लहान अभ्यासघटक तयार केल्यास विद्यार्थ्यांना तो उपयुक्त ठरेल. मराठी पत्रलेखन आपण आजही अर्ज व निमंत्रण यांपुरतेच शिकवितो.

समारोप

किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगर तयार होत होते, तेव्हा ते विकण्यासाठी कोणीतरी बसून शेतकऱ्याच्या मनातील भीतीचा विचार करावा लागला. आजच्या उद्योजकाजवळ छापखाना नाही, टपालहशिलाची चिंता नाही आणि एका टिचकीत हजारो घरी जाण्याची सोय आहे. एवढे सर्व असूनही तो विचार त्याच्या वतीने दुसरे कोणी करू शकत नाही. पाठविण्यापूर्वी 'प्रत्येक पत्रास पाव आणा पडला असता, तर हे मी या माणसाला पाठविले असते काय?' एवढाच प्रश्न त्याने स्वतःस विचारावा. उत्तर होकारार्थी आले, तर पत्र खुशाल पाठवावे. नकारार्थी आले, तर ते आणखी एकदा लिहावे किंवा तसेच राहू द्यावे.